साठांचा कोरम

शनिवार, ३ मे

या गावातील नागरिकांच्या सौजन्याविरुद्ध मी आज रीतसर तक्रार नोंदवीत आहे. सकाळी दार उघडलं तर पायरीवर रूबार्बची जुडी. काल एक होती, परवा दोन. कोण ठेवतं ते कळत नाही. ठेवणारा पळून जातो, त्याअर्थी आपण काय करतो आहोत याची त्याला पुरती जाणीव असावी. अळूच्या देठाला अंबाडीचा आंबटपणा आणि भलताच लाल रंग दिला की रूबार्ब होतो. मे महिन्यात तो प्रत्येकाच्या परसात माजतो आणि मग माणसं तो एकमेकांच्या दारात टाकून मोकळी होतात. मी दाणे-गूळ घालून त्याची पातळभाजी केली. माझी बायको नोरा म्हणाली, "छान झालीय," आणि दोन पेले पाणी प्यायली.

दुसरी तक्रार किरकोळ आहे. आज आमच्या ईस्ट टॅल्कटची वार्षिक गावसभा होती आणि ती झाली नाही. गावात मतदार सहाशे चाळीस. सभेला कोरम साठांचा. आले चौतीस. अध्यक्ष मिसेस टटल यांनी अर्धा तास वाट पाहिली, हातोडा आपटला आणि सभा सतरा तारखेवर ढकलली. मिसेस टटल चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवायच्या. अख्खं गाव त्यांना अजूनही 'बाई'च म्हणतं. चौतीस जण शाळा सुटल्यासारखे बाहेर पडले.

व्याकरणात लोप नावाची एक गंमत असते. अक्षर दिसत नाही, पण त्याचं काम चालूच राहतं. आमच्या गावाचा कारभार सध्या असाच, न आलेले सहाशे सहा लोक चालवतात.

विषयपत्रिकेवर चौदाव्या कलमात गावची अँब्युलन्स आहे. तीस जूनच्या आत गावसभेने ठराव करून ती चालू ठेवली नाही, तर तिचा परवाना संपेल. मग गाडी यायची ती काउंटीच्या गावाहून, पस्तीस मिनिटांनी, रस्त्यावर बर्फ नसेल तर. फेब्रुवारीत नोरा जिन्याच्या तळाशी पडली तेव्हा आमची गाडी नऊ मिनिटांत आली होती, हे खरं. पण या प्रकरणातला माझा रस तात्त्विक आहे. लोकांनी सभेला यायला हवं, एवढंच.

बुधवार, ७ मे

साप्ताहिकासाठी लेख पाठवला. मी या भागातल्या साप्ताहिकाचा ईस्ट टॅल्कटचा बातमीदार आहे. कॉलेजने संस्कृतचा विभाग बंद केला (शेवटच्या वर्षी तीन विद्यार्थी होते, त्यातला एक चुकून आला होता), तेव्हापासून हेच करतो. हरवलेली मांजरं, चर्चची विक्री, गावसभा.

लेखात नागरिकांच्या आळसावर यथेच्छ आसूड ओढले. बावीस वर्षं मी गावसभांना जातो, कोण येतं आणि कोण येत नाही हे मला तोंडपाठ आहे, असं लिहिलं. पण नुसत्या रागावण्याने कुणी येत नाही हेही जाणतो. म्हणून शेवटी हुकमी पान टाकलं. सभेच्या दिवशी तळघरात चर्चच्या बायका पाई विकणार आहेत, स्ट्रॉबेरी आणि रूबार्ब भरून भाजलेल्या. त्यांचं असं वर्णन केलं की लिहिता लिहिता मलाच भूक लागली. "येताना मत आणा, जाताना पाई न्या."

नोराने वाचून कागद खाली ठेवला.

"चांगलाय. पण 'आपण सर्वांनी मत द्यायला हवं' असं लिहिलंयस."

"मग?"

"आपण म्हणजे कोण रे, मुकुंद?"

मी इथला नागरिक नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर बावीस वर्षं राहिलो, कर भरतो, बर्फ उपसतो; मत मात्र नाही. नागरिकत्वाचा अर्ज आणला होता, तो वीस पानांचा आहे. एकदा वेळ काढून बसायला हवं. नोराला म्हटलं, बातमीदार तटस्थ असलेला बरा.

"हं," ती म्हणाली आणि वर गेली. चौदा पायऱ्या. फेब्रुवारीपासून थांबते तशी सातवीवर थांबली नाही.

शनिवार, १७ मे

सविस्तर लिहितो, कारण छापण्याजोगं यातलं थोडंच आहे.

दहा वाजता हॉलमध्ये सहासष्ट मतदार! गावच्या लेखनिक मार्जरी पेल्टिए दाराशी बसून प्रत्येकाच्या नावावर खूण करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझ्या पाईंनी ओढून आणलंय हो सगळ्यांना." मी विनयाने मान खाली घातली. माझी जागा ठरलेली, डाव्या भिंतीशी, 'मतदार नसलेल्यांसाठी' अशी पाटी लावलेल्या बाकावर. बाकावर मी एकटाच.

मग सभा आपल्या गतीने चालली. वाचनालयाची पायरी, रस्त्यावरचं मीठ, स्मशानातलं गवत. कुत्र्यांच्या पट्ट्यांवर पाऊण तास. अकराव्या कलमाच्या सुमाराला तळघरातून वास वर आला. बायकांनी पाई ओव्हनमध्ये पुन्हा गरम करायला घेतल्या होत्या. लोणी, साखर, आणि तो आंबट वाफारा. माणसं दोघं दोघं उठू लागली. 'आलोच हं' असा चेहरा करून.

हॉलमध्ये उकडत होतं. नोराचा चेहरा मला बरा दिसेना, म्हणून मी तिला खाली थंडाव्यात बसवून आलो.

कलम चौदा. बाईंनी वाचलं. इतक्यात तिसऱ्या रांगेतून स्टॅन्ली व्होयचिक उठला. स्टॅनच्या पन्नास गाई आहेत, वय एकाहत्तर, आणि गावची अँब्युलन्स तो अठ्ठावीस वर्षं चालवतो. बिनपगारी. मला वाटलं, आता हा ठरावाला पाठिंबा देणार.

"अध्यक्षबाई," स्टॅन म्हणाला, "कोरम मोजा."

मतदाराने मागितलं की मोजावंच लागतं. बाईंनी बोट फिरवत मोजलं, मार्जरीने मोजलं, मग दोघींनी एकमेकींच्या आकड्यांकडे बघितलं.

"अठ्ठावन्न," बाई म्हणाल्या.

"अहो, बाकीचे खाली खातायत!" कुणीतरी ओरडलं. "बोलवा की त्यांना!"

"मोजणी झालेली आहे. कोरम नाही. सभेला पुढे काही करता येत नाही." आणि हातोडा.

हातोड्याचा आवाज विरतो न विरतो तोच जिन्यावरून सात जण वर आले, हातात कागदी ताटल्या, ओठ लाल; मागून नोरा. सगळ्यांत पुढचा म्हणाला, "झालं का मतदान?"

मी स्टॅनला पायऱ्यांवर गाठलं.

"स्टॅन, गाडी तुझी! तूच तिचे पाय कापलेस!"

"साठ नव्हते."

"खाली होते!"

"खाली म्हणजे वर नव्हे, प्रोफेसर."

मी त्याला आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. पुण्यात सोसायटीच्या सभेला कोरम नसला की सभा तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा, आणि त्याच जागी त्याच माणसांत सभा भरवायची. तिला कोरम लागत नाही.

स्टॅन माझ्याकडे बघायला लागला. दूध नासलेलं आढळल्यावर माणूस बघतो तसा.

"आणि हे कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलंय."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

संध्याकाळी नोरा म्हणाली, "मी खाली नसते, तर एकोणसाठ झाले असते."

"तरी एक कमीच."

"तू बाकावर होतास."

मी उठून भांडी घासायला घेतली.

रविवार, १८ मे

लेखाचा खर्डा. 'लोकशाही की मिष्टान्न?' असं शीर्षक दिलं. गावकऱ्यांच्या जिभेला दोष दिला. ही पाईची कल्पना कुणाची होती, ते जागेअभावी वगळलं.

मंगळवार, २० मे

बाईंकडे गेलो होतो. खास सभा चौदा जूनला. नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते. ही तिसरी आणि शेवटची सभा. त्यानंतर तीस तारखेच्या आत आणखी एक बसवणं मुश्कील. "या वेळी पाई मतदानानंतर," बाई म्हणाल्या. "आणि तळघराची किल्ली माझ्या खिशात." स्टॅनवर मी थोडं तोंडसुख घेतलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"कोरमशिवाय ठराव केला असता आणि कुणी कोर्टात गेलं असतं, तर गाडी आणि परवाना दोन्ही गेलं असतं. स्टॅन्लीने ते वाचवलं. वर्गात तो एकटाच असा होता की उत्तर चुकलं तर स्वतःच सांगायचा."

मला हे सुचलं नव्हतं. छापण्याची गरज नाही.

शनिवार, २४ मे

सकाळी दारात रूबार्ब नव्हता, स्टॅन होता. ट्रक चालू ठेवून.

"चल प्रोफेसर. दारं वाजवायची."

"मी का?"

"कोरम मी मोडला, ते खरं. पाई तू लिहिलीस."

त्याच्याकडे मतदारांची यादी होती, न आलेल्यांच्या नावावर पेन्सिलची टिंबं. दिवसभरात तेवीस दारं. एकाने सांगितलं की १९९१ साली त्याने एक सूचना मांडली होती आणि कुणी अनुमोदन दिलं नाही. तेव्हापासून तो येत नाही. काय सूचना होती, विचारलं. आठवत नव्हती. स्टॅन म्हणाला, "या वेळी काहीही मांड, मी अनुमोदन देतो." तो इतका खूश झाला की आम्हाला कॉफी पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्याने दार अर्धवट उघडून विचारलं, "कुठल्या पार्टीचे?"

"अँब्युलन्सचे," स्टॅन म्हणाला.

"मग ठीक आहे." आणि दार लावून घेतलं. ही नोंद हो अशी करायची की नाही अशी, यावर ट्रकमध्ये आमचा वाद झाला.

गाडी चालवता चालवता स्टॅनने विचारलं, "नोरा कशी आहे?"

"उत्तम."

"त्या दिवशी फोनवर ती फार छान बोलली. शांतपणे."

मी खिडकीबाहेर गाई बघत होतो.

गुरुवार, २९ मे

आजची भेट लिहून ठेवायला हवी. केल्सी बोद्रो, वय अठ्ठावीस, गिरणीच्या रस्त्यावर राहते. काउंटीच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. चार वर्षांची जुळी मुलं. दार उघडलं तेव्हा एक तिच्या पायाला लटकलेला होता आणि दुसरी आतून काहीतरी फुटल्याचा आवाज करत होती.

मी माझं ठरलेलं भाषण केलं. नागरिकाचं कर्तव्य, वगैरे. तिने ते ऐकून घेतलं.

"झालं? सभा शनिवारी दहाला. मी घरी येते सातला. झोपू कधी? आणि ह्या दोघांना घालू कुणाच्या गळ्यात?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे..." मी.

"तुमच्यासाठी एक दिवस. मी वृद्धाश्रमात रोज बघते, गाडी उशिरा आली की काय होतं ते. मला कुणी समजावायला नको. तुम्ही लोक सभेला पाई ठेवता. पाळणाघर ठेवा की!"

स्टॅनने टोपी काढली. "बरोबर आहे पोरी तुझं."

"मग इथे का उभे आहात?"

आम्ही परत ट्रकमध्ये बसलो. स्टॅनने यादी काढली आणि टिंबांवरून पेन्सिल फिरवत राहिला. लहान मुलं असलेली नावं त्याने गोल केली. एकतीस.

रविवार, १ जून

लेख पाठवला: 'गावसभेत पाळणाघर हवे.' मुद्दा मूलगामी आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसा आला नाही, याचं आश्चर्य वाटतं, असं लिहिलं. नोरा वाचून हसली. मी विचारलं का. "काही नाही," म्हणाली, "केल्सीला अंक पाठवून दे."

मंगळवार, ३ जून

बाईंच्या घरी बैठक. बाई, मार्जरी, स्टॅन, नोरा, मी. पाळणाघर तळघरात, कुलूप फक्त तिथल्या पाईंच्या खोलीला, हे ठरलं. प्रश्न एकच, मुलं सांभाळणार कोण.

मार्जरी म्हणाल्या, "मी माझ्या बहिणीला सांगते."

"ती मतदार आहे," बाई म्हणाल्या. "खाली गेली की वर एक कमी."

"मग डोनाल्डला."

"तोही." बाईंनी टेबलावर बोटाने रेघ ओढली, फळ्यावर ओढत असाव्यात तशी. "सांभाळणारा माणूस जबाबदार हवा. मतदार नसलेला हवा. आणि त्या दिवशी गावसभेला हमखास येणारा हवा. या तिन्ही अटी पुऱ्या करणारा माणूस गावात एकच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बातमीदार आहे," मी म्हटलं. "मला सभा बघायची असते."

"ऐकू येईल," स्टॅन म्हणाला. "जमीन लाकडाची आहे."

"मला लहान मुलांचा अनुभव नाही."

"इतकी वर्षं कॉलेजात शिकवलंस ना?" नोरा म्हणाली.

परतताना नोरा माझा हात धरून चालत होती. चढावर जरा थांबली. दम लागला नव्हता, म्हणाली, चंद्र बघायचा होता. चंद्र होता. पण मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं, आणि तिने ठेवू दिलं.

शनिवार, ७ जून

अर्ज बाहेर काढला. बावीस वर्षांतला प्रत्येक प्रवास तारखेनिशी मागतात. कधी गुन्हा केला आहे का, कधी खोटं बोललात का, असंही विचारतात. नोरा म्हणाली, "'आपण सर्वांनी' लिहिलं होतंस ते सांगून टाक." संध्याकाळपर्यंत अठरा पानं झाली. पुण्याच्या घराचा पत्ता लिहिताना पेन थांबलं, पण ते शाईमुळे असावं.

गुरुवार, १२ जून

अर्ज टपालात टाकला. वर्ष तरी लागेल, पोस्टातली बाई म्हणाली. या चौदा तारखेला त्याचा काहीच उपयोग नाही.

शनिवार, १४ जून

साडेनऊलाच मुलं आली. अकरा. केल्सीची जुळी, टाय आणि मॅबल, सगळ्यांत आधी. केल्सीचे डोळे लाल होते. कामावरचे कपडेही बदलले नव्हते. "मॅबल चावते," एवढंच सांगून ती वर गेली.

मी वर्गाला सुरुवात केली. आधी धातू चालवून दाखवला. गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. मुलांनी तीन मिनिटं सहन केलं. मग प्रत्येकाला वेगळं काहीतरी खेळायचं होतं, आणि टाय टेबलाखाली जाऊन रडायला लागला. वर बाईंचा हातोडा वाजला तेव्हा मला उपाय सुचला.

"आपणही सभा घेऊ," मी म्हटलं. "घोडा-घोडा की चित्रं काढायची? हात वर करा."

घोड्याला पाच, चित्रांना पाच. मॅबलने दोन्हींना हात वर केला होता. मी तिचं मत बाद केलं. तिने मला चावलं.

"तू राहिलास," दुसरी एक मुलगी म्हणाली. "तुझा हात कुठाय?"

"मी मोजला जात नाही."

"का?"

मी हात वर केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. घोडा सहा विरुद्ध पाच मतांनी निवडून आला, आणि पुढचा तासभर घोडा मीच होतो.

वर काय चाललं होतं ते छतातून ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्या. १९९१ च्या गृहस्थाने सूचना मांडली: सभेत खिडक्या उघड्या ठेवाव्यात. स्टॅनचा आवाज: "अनुमोदन!" टाळ्या. मग कुणीतरी कोरमची मोजणी मागितली. माझ्या पाठीवर टाय होता, तसाच थांबलो. वर पावलांची चुळबुळ. बाईंचा वर्गातला आवाज:

"एक्याण्णव."

कलम चौदा एकटंच होतं आज. बाई म्हणाल्या, बाजूने असलेल्यांनी 'हो' म्हणावं.

आणि वरून 'हो' आला. छतातून धूळ पडली. मुलं दचकली आणि मग त्यांनीही, काय आहे ते न कळता, 'होऽ' केलं. 'नाही' म्हणणारा एकच आवाज होता. तो अर्धवट दारवाला असावा. आमचा वाद मिटला.

नोरा जिन्याने खाली आली, कठडा धरून, हळू. पंधरा पायऱ्या. चेहरा असा फुललेला की मी उठायचं विसरून गुडघ्यांवरच राहिलो.

"ऐकलंस?"

"जमीन लाकडाची आहे."

पाठोपाठ केल्सी आली. मुलं झोपलेल्या सशांसारखी तिच्या खांद्यांवर पडली. "चावली?" तिने विचारलं. मी हात दाखवला. "सॉरी," ती म्हणाली, आणि मग, "तुमच्या लेखातली पाळणाघराची कल्पना छान होती हं." चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आता या वेळचा लेख मी तिच्या नावाने सुरू करणार आहे.

बाईंनी पाईंच्या खोलीचं कुलूप उघडलं, पाई आल्या. एक्याण्णव माणसं आणि अकरा मुलं. स्टॅन ताटली घेऊन माझ्याशेजारी लहान मुलांच्या खुर्चीवर बसला; गुडघे हनुवटीला.

"गाडी राहिली, प्रोफेसर."

"अभिनंदन."

"आता माणसं पाहिजेत. पाच आहोत चालवणारे. चौघं सत्तरीच्या वरचे. पाचवा कमरेतून गेलाय." त्याने पाईचा घास घेतला. "मंगळवारी संध्याकाळी वर्ग सुरू होतोय. सोळा आठवडे. गाडी चालवणं, छाती दाबणं, ते शॉकचं यंत्र लावणं."

"चांगलं आहे. मी साप्ताहिकात देतो. कुणी ना कुणी नाव देईल."

"मी तुला विचारतोय."

"स्टॅन, मी साधा मतदारसुद्धा नाही."

"पडलेला माणूस विचारत नाही ते."

"मी छप्पन्न वर्षांचा आहे."

"मग तू आमच्यातला पोरगा." तो उठला. उठायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. "मंगळवार. सहा वाजता. गाडीच्या शेडमध्ये."

रविवार, १५ जून

लेख लिहून झाला. एक्याण्णवचा आकडा, केल्सीचं नाव, खिडक्यांचा ठराव, सगळं आलं. स्वयंसेवक हवेत, हेही शेवटी घातलं.

सकाळपासून स्वतःसाठी कारणं गोळा करत होतो. डोळे. पाठ. रक्त बघवत नाही. बावीस वर्षं बाजूच्या बाकावर बसून मी या गावाला काय करावं ते सांगत आलो, आणि बाकावर एक बरं असतं, कुणी हात वर करायला सांगत नाही. नोराला ही कारणं वाचून दाखवली. ती म्हणाली, "तू गेलास तर मला बरं वाटेल." मग म्हणाली, "पण माझ्यासाठी जाऊ नकोस." दोन्ही एका दमात कसं करायचं ते तिने सांगितलं नाही. मी स्टॅनला फोन करून नाव दिलं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो. फेब्रुवारीत नोरा पडली तेव्हा फोन मी लावला होता. पलीकडून पत्ता विचारला आणि मला तो सांगता येईना. बावीस वर्षांचा पत्ता. तोंड उघडलं, शब्द नाही. फोन तसाच हातात. नोराने जमिनीवर पडल्या पडल्या हात पुढे केला, फोन घेतला आणि घर क्रमांक, रस्ता, सगळं शांतपणे सांगितलं. गाडी नऊ मिनिटांत आली ती तिच्यामुळे. त्या नऊ मिनिटांत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

गाडी आता येईल. पुढच्या वर्षी कदाचित माझं मतही मोजतील. मला भीती वाटते ती एवढीच, की नोरा पुन्हा पडेल आणि सोळा आठवडे शिकूनही मी पुन्हा नुसता उभा राहीन.